निनावी प्रश्नकर्त्याची बखर

'समाजस्वास्थ्य' मासिकाचे जुने अंक ज्याने चाळले असतील, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही, ती ही की या मासिकाचा खरा नायक त्याचा संपादक नसून, त्या संपादकाला पत्र लिहून शंका विचारणारा, पण नावानिशी चारचौघांत उभा न राहणारा वाचक होय. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गमावून बसलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये हे मासिक काढले, आणि 1953 साली मृत्यूने गाठेपर्यंत पदरमोड करून ते जवळजवळ एकहाती चालवले. त्यांच्यावर सनातन्यांनी गुदरलेल्या फिर्यादींपैकी एक, 1934 साली मुंबईत चाललेली, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल होती, आणि त्या प्रश्नांत हस्तमैथुनाप्रमाणेच समलिंगी संबंधांविषयीचीही पृच्छा होती. कर्व्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. मनात विकल्प असलेल्या माणसाने प्रश्न विचारला असता त्याला उत्तर देणे हा अपराध कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

दंडाची नोंद सरकारी दप्तरात राहिली. पत्र धाडणारा तो कोण, कोणत्या गावचा, पुढे त्याचे काय झाले, याचा मागमूस कोठेही नाही. आजच्या अनेक सुशिक्षित घरांतून, 'आपण मुलगा की मुलगी, की दोन्ही नव्हे' असले खूळ मुलांच्या डोक्यात मोबाइलने भरवले अशी जी तक्रार सर्रास ऐकू येते, तिचे प्रामाणिक उत्तर या हरवलेल्या पत्रलेखकापाशी आहे. तेव्हा मोबाइल नव्हता, दूरध्वनीदेखील मोजक्याच घरांत होता. प्रश्न मात्र होता, आणि घरच्या माणसाला, वैद्याला वा गुरुजींना न विचारता तो एका अनोळखी माणसाला लिहून विचारण्याचा शिरस्ताही होता. यंत्राने प्रश्न निर्माण केला नाही, त्याच्या टपालाची तजवीज मात्र केली, असे मला वाटते; आणि प्रस्तुत लेख त्या टपालाचाच इतिहास आहे.

नाव झाकून बोलणे ही आपल्या वाङ्मयात काही लाजिरवाणी गोष्ट मानली गेलेली नाही. केशवसुतांपासून कुसुमाग्रजांपर्यंत कवींची मांदियाळीच टोपणनावाने वावरली; पण त्यांचे टोपणनाव हा बहुधा अलंकार होता. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा 'विभावरी शिरूरकर' या नावाने जे काम केले ते निराळ्या जातीचे होते. अविवाहित, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातील वासना आणि उपासमार त्या कथांत उघडपणे आली. पुस्तकावर वादळ उठले, लेखिका कोण याचा तपास सुरू झाला, आणि त्या नावामागे असलेल्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना काही काळ तरी त्या नावाने चिलखतासारखे सांभाळले. जे बोलले असता नोकरी, स्थळ आणि घराण्याची अब्रू एका दमात जाते, ते बोलण्यासाठी दुसरे नाव लागते.

त्यानंतरच्या अर्धशतकाविषयी लिहिण्याजोगे थोडेच आहे, कारण जे घडले ते रेल्वेस्थानकांवर, बागांत, लोकलच्या डब्यांत आणि लग्नाच्या मांडवाखाली मुकाट्याने घडले, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे 1860 च्या दंडसंहितेचे 377 वे कलम त्या सर्वांवर सावली धरून उभे होते. टपालाचा पुढचा टप्पा 1990 साली सुरू झाला. पत्रकार अशोक राव कवी यांनी मुंबईतून समलिंगी वाचकांसाठी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले, आणि त्यातील पत्रमैत्रीच्या सदराने दूरदूरच्या गावांतील एकट्या माणसांना प्रथमच असे कळवले की आपल्यासारखा दुसरा मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर, कदाचित शेजारच्याच तालुक्यात, आहे. कर्व्यांच्या काळी उत्तर देणारा जाणकार होता आणि विचारणारा अज्ञ. येथे दोघेही एकाच नावेतले होते. हा फरक मला फार मोठा वाटतो. पुढे 1994 साली 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला आणि सांताक्रूझच्या वाकोला भागात मुंबई महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. जे कृत्य कायद्याने गुन्हा होते, त्या कृत्याच्या माणसांना महापालिकेने छप्पर द्यावे, या विसंगतीत मुंबईचा सारा स्वभाव दिसतो.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा ते सर्वसामान्यांचे नव्हतेच. ज्यांच्या घरी संगणक, दूरध्वनी आणि इंग्रजी या तिन्ही गोष्टी नांदत होत्या अशा थोड्यांचे होते. परदेशी शिकायला वा नोकरीला गेलेल्या भारतीयांनी ई-मेलवरील मंडळे त्याआधीच सुरू केली होती, आणि 1998 साली 'गे बॉम्बे' हे मंडळ मुंबईत उभे राहिले. त्याच सुमारास अमेरिकेत संगणकाच्या क्षेत्रात काम करून परतलेले बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला, मदतवाहिनी चालवली, आणि मराठीत पुस्तके लिहिली. त्यांची 'पार्टनर' ही छोटी कादंबरी किती मुलांनी कपाटाच्या तळाशी, कपड्यांखाली लपवून ठेवली असेल याचा अंदाज करवत नाही. इंग्रजी न येणाऱ्यास स्वतःविषयी वाचायला मिळणे, ही गोष्ट मदतवाहिनीइतकीच मोलाची होती.

पण ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांचा खरा दिवाणखाना सायबर कॅफे हा होता, आणि त्याचे वर्णन कोणीतरी नीट करून ठेवायला हवे, कारण ती वास्तू आता नामशेष झाली आहे. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्स आणि एसटीडीच्या पाटीला लागून, एक अरुंद खोली. तीत प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, कळपट्टीवरची पुसट झालेली अक्षरे, कधी एखादा मळका पडदा. आणि दाराशी बसलेला मालक, जो तासाचे पैसे आधी घेई आणि वेळ भरत आली की फळीवर टकटक करी. त्या तासात मुलगा याहूच्या चॅटखोलीत शिरे, वय दोन वर्षांनी वाढवून आणि गावाचे नाव बदलून सांगे, आणि उठण्यापूर्वी पाहिलेल्या पानांची यादी काळजीपूर्वक पुसून टाकी. या कप्प्यांतून वाईटही पुष्कळ झाले. मुलांना फसवणारे होते, भेटीस बोलावून लुबाडणारे होते, आणि ज्याने कप्प्यात बसून काय केले हे घरी सांगता येत नाही तो पोलिसांकडेही जाऊ शकत नाही, हे लुबाडणाऱ्यास पक्के ठाऊक होते.

सरकारने अखेर या फळ्यांवरच हुकूम काढला. 2011 सालच्या सायबर कॅफेविषयीच्या नियमांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचे ओळखपत्र तपासून नोंदवही ठेवणे बंधनकारक केले, ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीनास प्रौढ माणसासोबतच यावे असे सांगितले, कप्प्यांची फळी जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नसावी असे ठरवले, आणि जे संगणक कप्प्याबाहेर असतील त्यांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवावेत अशी तरतूद केली. दहशतवाद आणि अश्लीलता यांचा बंदोबस्त हा नियमकर्त्यांचा हेतू होता, आणि तो गैर म्हणता येत नाही. परंतु बसलेल्या माणसाचे डोके बाहेरून दिसावे इतक्याच उंचीची फळी असावी, या एका बारीक कलमाने निनावी प्रश्नकर्त्याची ती जागा काढून घेतली. थोड्याच वर्षांत स्वस्त मोबाइल आला, 2016 च्या सप्टेंबरात जिओने डेटा जवळजवळ फुकट वाटला, आणि कॅफेचे शटर कायमचे खाली आले. पडदा आता खिशात मावू लागला होता.

येथे या इतिहासाला दुसरा एक प्रवाह येऊन मिळतो, जो मुंबईपुण्यात उगम पावलेला नाही. स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक मंडळींना, ज्यांना समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवणे, बोलण्यातील खोच तत्क्षणी ओळखणे, गोंगाटात उत्तर सुचणे कष्टाचे जाते, अशांना लिहून बोलण्याची ही नवी सोय एखाद्या सनदेसारखी वाटली. अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली स्वमग्न माणसांनी स्वतःच चालवलेले मंडळ स्थापन केले. 1993 साली सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून, आमच्यासाठी शोक करू नका, अशा आशयाचे निवेदन केले, जे आजही वाचले जाते. त्या मंडळाच्या 1996 पासूनच्या शिबिरांत एक साधी युक्ती होती: प्रत्येकाच्या छातीवर रंगीत बिल्ला. लाल म्हणजे माझ्याशी कोणी बोलू नये, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोलावे, आणि हिरवा म्हणजे मला बोलायचे आहे पण सुरुवात जमत नाही, ती तुम्ही करा. आमच्या लग्नसमारंभांत असे बिल्ले वाटले तर किती जीव सुटतील, असा विचार मनात येऊन जातो, असो.

त्याच 1996 साली मार्टाइन डेकर या डच तरुणाने स्वमग्नांसाठी ई-मेलचे एक मंडळ सुरू केले. ऑस्ट्रेलियातील ज्यूडी सिंगर त्यात होत्या, आणि मेंदूंची ही विविधता जैवविविधतेसारखीच मानावी, हा जो विचार 1998 च्या सुमारास त्यांच्या प्रबंधातून आणि हार्वे ब्लूम या अमेरिकन पत्रकाराच्या लेखनातून पुढे आला, तो अशाच पत्रव्यवहारात मुरला होता. स्वमग्नांच्या आयुष्यात इंटरनेटचे स्थान बहिऱ्यांच्या आयुष्यातील खुणांच्या भाषेइतके मोठे ठरेल, असे ब्लूम यांनी तेव्हाच सुचवले होते. विद्यापीठाच्या वा रुग्णालयाच्या आधी ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांनीच आपापसांत लिहून एक विचार घडवावा, असे उदाहरण विचारांच्या इतिहासात विरळा.

हे दोन प्रवाह एकाच पात्रात का वाहू लागले, याचे उत्तर बरेच दिवस ज्याच्या त्याच्या अनुभवापुरते होते. 2020 साली केंब्रिजच्या वरुण वॉरियर आणि सहकाऱ्यांनी सुमारे 6 लाख 40 हजार लोकांची माहिती तपासून असे दाखवले की जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाशी ज्यांचे जमत नाही अशांत स्वमग्नतेचे प्रमाण इतरांच्या तीन ते सहा पट आहे. कारण काय, यावर विद्वानांचे एकमत नाही. ज्याला समाजाचे अलिखित नियम आपोआप कळत नाहीत, तो 'मुलीने असे बसावे, मुलाने असे रडू नये' या नियमांकडेही परक्यासारखा पाहतो, असे या मंडळींपैकी पुष्कळजण स्वतःच सांगतात, आणि मला ते पटते. पण हे कार्यकारण सिद्ध झाले आहे असे म्हणणे उतावीळपणाचे होईल.

2007 साली निघालेले टम्ब्लर हे संकेतस्थळ या संगमाचे पहिले मोठे गाव होते. माणसाने आपल्या पानाच्या माथ्यावर आपले नाव, आपल्याला उद्देशून कोणते सर्वनाम वापरावे, आपले मन कोणत्या घडणीचे आहे, हे दोनतीन शब्दांत लिहावे, हा जो रिवाज आज इन्स्टाग्रामच्या बायोत सर्वत्र दिसतो, तो बऱ्याच अंशी तेथे रुजला. आमच्याकडे या ओळीची थट्टा पुष्कळ होते. परंतु ज्या समाजात पहिल्या भेटीतच आडनाव आणि गाव विचारून समोरच्याची सगळी कुंडली मांडली जाते, त्या समाजाने परक्या मुलाच्या तीन शब्दांच्या परिचयाला हसावे, हे शोभत नाही.

मराठी मुलांपुढे मात्र एक अडचण अशी आहे जी इंग्रजी लिहिणाऱ्यास येत नाही. इंग्रजीत 'मी' काहीही केले तरी कर्त्याचे लिंग उघड होत नाही. मराठीत 'मी गेलो' वा 'मी गेले' यांपैकी एक निवडल्यावाचून मुलाला साधे दुकानातदेखील जाता येत नाही. लिंगभावाविषयी मनात संभ्रम असलेली जी मुले मराठीत लिहितात, त्यांना यावर पळवाटा सापडतात, आणि त्या पाहताना मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांनाही कौतुक वाटले असते. 'मी जेवले' म्हणण्याऐवजी ते 'मी भात खाल्ला' लिहितात, कारण तेथे क्रियापद भाताच्या मागे जाते. 'मी घाबरलो' न म्हणता 'मला भीती वाटली' म्हणतात. काहीजण 'आम्ही आलो' असे राजघराण्यातील थाटाने लिहितात. अनोळखी माणसाला 'तुम्ही कधी आलात' असे विचारले की त्याचेही लिंग झाकलेले राहते. भविष्यकाळ तर पूर्णच निर्वेध आहे: 'मी जाईन', 'मी करीन' हे कोणीही म्हणावे. ज्यांना हा सारा खटाटोप नको असतो ते इंग्रजीत लिहितात, आणि मग 'यांची ही सगळी थेरं इंग्रजी आहेत' असा आरोप आपण त्यांच्यावर करतो.

या मुलांचा आजचा दिवस कसा जातो हे पाहू जाता त्यात नाट्य फारसे नाही. सांगलीकडच्या दोन खोल्यांच्या घरात, धाकटे भावंड शेजारी झोपलेले असताना, उजेड अगदी कमी करून फोन उघडला जातो. एक अकाउंट नातेवाइकांसाठी असते, त्यावर गणपतीचे आणि दहावीच्या निकालाचे फोटो. दुसरे निराळ्या नावाने, त्यावर चेहरा नाही, एखादे चित्र. या दुसऱ्या ठिकाणी रात्री बारा वाजता कोणी विचारतो की वर्गात पंख्याचा आवाज सहन होत नाही हे इतरांनाही होते का, कोणी विचारतो की छाती बांधून ठेवल्याने अपाय होतो का, आणि कोणीतरी कोल्हापुरातून वा टोरांटोतून उत्तर देतो. संदेश तीनदा खोडून चौथ्यांदा धाडता येतो. उत्तराला तास लागला तरी कोणी 'तोंडात मूग धरलेस का' असे म्हणत नाही. स्क्रीनशॉट घेऊन कोणी घरी दाखवील, ही धास्ती मात्र कायम असते. चुकीचे सल्लेही येथे भरपूर मिळतात, आणि दोन मिनिटांची चित्रफीत पाहून स्वतःचे निदान करणारेही आहेत. पण तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो, आणि लैंगिक कल 'बरा' करण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन होय असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 साली सांगावे लागले, हे लक्षात घेता त्या मुलांनी आधी समवयस्काला विचारावे यात नवल नाही.

इंटरनेटवरील या गावांचे एक दुर्दैव असे की त्यांची जमीन नेहमी दुसऱ्याच्या मालकीची असते. ऑर्कुट हे समाजमाध्यम 2014 च्या सप्टेंबरअखेर बंद झाले. त्याच वर्षी फेसबुकने 'खरे नाव' लावण्याचा आग्रह धरला, अमेरिकेतील ड्रॅग कलावंतांची खाती गोठवली, आणि गदारोळ झाल्यावर माफी मागितली. डिसेंबर 2018 मध्ये टम्ब्लरने प्रौढ मजकुरावर बंदी घातली, त्यात निरुपद्रवी पानेही वाहून गेली. याहूची मंडळे 2020 च्या डिसेंबरात संपली, आणि त्यांतील कित्येकांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार तर त्याआधीच पुसला गेला होता. 2020 च्या जूनअखेर केंद्र सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी आणली तेव्हा टिकटॉकही गेले, आणि इंग्रजी न येणाऱ्या, लहान गावांतल्या हिजडा आणि क्वीअर कलावंतांना लाभलेला एक मोठा रंगमंच रातोरात उठला. सीमेवरील तणावाचे कारण होते, म्हणून त्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही.

कायद्याने मधल्या काळात बरेच दिले. 2014 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, 6 सप्टेंबर 2018 रोजी 377 व्या कलमाचा काटा काढला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने 21 प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता यांना जागा दिली, जरी एडीएचडी त्यातून वगळलेलेच राहिले. हे सारे मोलाचे आहे. परंतु यांपैकी लिंगओळखीचा वा दिव्यांगतेचा हक्क बजावायचा तर अर्ज, दाखला आणि सही लागते, म्हणजे नाव लागते.

आता नवा पेच पुढे आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार 18 वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी तिच्या आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घेणे आवश्यक ठरते, आणि ऑस्ट्रेलियाने तर 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासच मज्जाव केला आहे. मुलांच्या माहितीचा बाजार मांडणाऱ्या कंपन्यांना वेसण हवी, याविषयी कोणाही शहाण्या माणसाचे दुमत नसावे. पण ज्या मुलाचा प्रश्नच घरी विचारता येण्याजोगा नाही, त्याला तो विचारण्यासाठी घरच्यांचीच सही आणायला सांगणे, म्हणजे विचारू नकोस असे सांगणे आहे. नियमांची अंमलबजावणी ज्यांच्या हाती आहे त्या अधिकाऱ्यांनी, आणि त्यांच्यावर दबाव आणू शकणाऱ्या पालकांनीही, एवढे पाहावे की मदतवाहिन्या, समुपदेशन आणि आरोग्यविषयक माहिती देणाऱ्या, जाहिरातींवर न जगणाऱ्या जागा या संमतीच्या अटीतून मोकळ्या राहतील, आणि सोळा वर्षांच्या मुलाला पालकाच्या परवान्यावाचून, नाव न सांगता, मराठीत प्रश्न विचारता येईल.